एकशे अकरावा दिवस

चंदीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स बघायचं तर आधी सेक्टर एकमधल्या पर्यटन माहिती केंद्रात नोंद करावी लागते. उच्च न्यायालय, विधानसभा, सचिवालय या तिन्ही इमारतींत रोजचं कामकाज चालतं, तेही पंजाब आणि हरियाणा अशा दोन राज्यांचं. त्यामुळे तिथे कुणाला मनाला येईल तसं हिंडता येत नाही. ओळखपत्र दाखवायचं, नाव नोंदवायचं आणि गाइड निघेल त्याच्याबरोबर निघायचं.

रांगेत माझ्यापुढे माझी भाची होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करताच “आधार” म्हटलं. तिने गडद निळा अमेरिकन पासपोर्ट पुढे केला. त्यांनी नाव वाचलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. नाव मराठी, जन्म भारतातला, पासपोर्ट अमेरिकेचा. त्यांनी नोंद केली आणि माझं आधार मागितलं. गेली कित्येक वर्षं ते माझ्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात असतं. काढून दाखवताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

गाइड यायला वेळ होता. आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो.

“आज एकशे अकरावा दिवस,” ती म्हणाली.

“कसला?”

“इथे येऊन. १० ऑगस्टला उतरले. फोनवर मोजून ठेवते. ७ फेब्रुवारीला १८२ भरतील, मग मी आधारचा अर्ज करू शकेन.”

माझी धाकटी बहीण २००४ साली नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ अमेरिकेला गेली, तेव्हा ही चार वर्षांची होती. पुढे ते सगळे तिकडचे नागरिक झाले. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट परत करावे लागले आणि त्यांच्या जागी ओसीआयची पुस्तकं आली. आजीवन व्हिसा, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आता ही मोहालीतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांत. म्हणजे ओळखीच्या कागदांशी आमचा दोघांचाही संबंध आला, पण ती खिडकीच्या बाहेर होती आणि मी आत.

“मला तर हा आपला कायदा उदार वाटतो,” मी म्हणालो. “२०१६ चा आधार कायदा नागरिकत्व विचारतच नाही. त्यात शब्द आहे ‘रहिवासी’. १८२ दिवस इथे राहिलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याला क्रमांक मिळतो. आणि नवव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. तू कोणाची आहेस हे न विचारता तू इथे राहतेस एवढंच विचारलंय. किती देश असं करतात?”

“मामा, उदार आहे, पण सातव्या महिन्यापासून. घर मला पहिल्या आठवड्यात लागलं. सिमकार्ड पहिल्या दिवशी लागलं. दुकानदार म्हणाला, मशिनवर आधार टाका, अंगठा द्या. मी पासपोर्ट दिला, तर म्हणाला, ह्याचं कसं करतात मला माहीत नाही, मोठ्या दुकानात जा. सुट्टीत मिरजेला जन्मगावी जावं म्हटलं, तर १ जुलै २०२५ पासून तत्काळचं तिकीट ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं. नंबर मागतात पहिल्या दिवशी आणि देतात एकशे त्र्याऐंशीव्या दिवशी. मधल्या दिवसांत मी कोण?”

“मधल्या दिवसांत तुझा पासपोर्ट आहे ना! बँकेत खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पासपोर्ट हा पूर्ण ग्राह्य कागद आहे. इथला पत्ता नसेल तर परदेशी माणसासाठी त्याच्या वकिलातीचं पत्रसुद्धा चालतं. आधारच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही.”

“हे तुला माहीत आहे. माझ्यासमोरच्या मुलाला माहीत नव्हतं. त्याच्या पडद्यावर एक चौकोन होता, त्यात बारा आकडे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.”

यावर मी काही बोललो नाही. तो चौकोन मी पाहिलेला आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो आमच्याही पडद्यावर आला, आणि नियमपुस्तकात पर्याय असूनही नव्या मुलांना तोच नियम वाटू लागला.

गाइड आला. आम्ही दहा-बारा जण उच्च न्यायालयाच्या बाजूला निघालो. हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांचे ते उंचच उंच खांब फोटोत भडक वाटतात; प्रत्यक्षात काँक्रीटच्या करड्या पसाऱ्यात ते बरे वाटतात. लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर वसवलं, हे गाइड सांगत होता. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी तेव्हा पॅरिसला, या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएंच्या कचेरीत उमेदवारी करत होते आणि पहिले आठ महिने त्यांना पगारही नव्हता, हे मी भाचीला सांगितलं. परक्या देशात बिनपगारी राबणारा मराठी मुलखातला मुलगा आणि इथे येऊन राबणारे परदेशी, असा दोन्हीकडचा व्यवहार होता तो.

“आता हेच बघ,” मी म्हणालो. “कॉर्बुझिए १९५१ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा इथे आले. त्यांचा करार होता, वर्षातून दोनदा यायचं आणि दर वेळी महिनाभर राहायचं. म्हणजे वर्षाला साठेक दिवस. आजचा कायदा लावला तर एवढं सगळं उभं करूनही त्यांना आधार मिळालं नसतं. त्यांचा चुलतभाऊ प्येर जानरे मात्र इथेच राहिला. १९५१ ते १९६५. घरं, शाळा, खुर्च्या, सगळ्यात त्याचा हात आहे. त्याच्या अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे इथल्या सुखना तलावात सोडल्या. त्याला आधार मिळालं असतं. बघ, कायद्याला येऊन जाणारा आणि राहणारा यांतला फरक कळतो. नाव किती मोठं हे तो बघत नाही, दिवस मोजतो. मला हे न्यायाचं वाटतं.”

तिला ते पटलं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग ती म्हणाली, “पण जानरेला सरकारनेच बोलावलं होतं ना? तो कुठल्या खिडकीवर अडला असता तर सरकारच त्याच्यासाठी धावलं असतं. ज्याला सरकारने बोलावलेलं नाही, साध्या कंपनीने बोलावलंय, त्याच्यासाठी कोण धावतं? आणि तुझ्या कॉर्बुझिएंची तर दुसरीच पंचाईत झाली असती. जन्म स्वित्झर्लंडचा, १९३० पासून नागरिक फ्रान्सचे, आणि कागदावरचं नाव शार्ल-एदुआर जानरे. नकाशावर सही एक आणि पासपोर्टवर नाव दुसरं. नाव जुळत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं असतं.”

हे ती स्वतःवरून बोलत होती. मिरजेच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. अमेरिकन पासपोर्टवर नुसतं नाव आणि आडनाव. पदवीवर बाबांच्या नावाचं एकच आद्याक्षर. बँकेच्या लेखी या तीन वेगळ्या मुली. मी स्वतः अशी किती खाती अडवून ठेवली असतील! बायकांची तर विचारू नका. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, नवऱ्याचं नाव मध्ये की वडिलांचं. आपल्या नावात बापाला जागा आहे, ही आपली रीत. अर्जाच्या रकान्यांना ती ठाऊक नसते.

“पॅन मात्र पटकन आलं,” ती चालता चालता म्हणाली. “राहण्याची अट नाही, दिवसांची मोजणी नाही. परदेशी नागरिकांसाठी वेगळा अर्ज आहे तो भरला, आणि पगार व्हायच्या आत नंबर हातात. मला तेव्हा आईची आठवण झाली.”

“का?”

“आईचा नंबर नऊने सुरू व्हायचा.”

मला कळेना. मग तिने जे सांगितलं ते मी वीस वर्षं फोनवर तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं, पण जोडून कधी पाहिलं नव्हतं. बहीण गेली ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून. तिला कामाची परवानगी नव्हती, आणि कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटीचा नंबर नाही. पण नवऱ्याच्या कराच्या विवरणपत्रात बायको आणि मुलगी दाखवायची तर दोघींना कुठला तरी नंबर हवा. त्यासाठी तिकडच्या करखात्याचा एक वेगळा नंबर असतो, १९९६ पासून. त्याचा पहिला आकडा कायम नऊ. त्या नंबरावर काम करता येत नाही, हक्क म्हणून काही मागता येत नाही. गाडी चालवायचा परवाना काढायला ती गेली, तेव्हा ‘यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नाही’ असं पत्र तिला आधी आणावं लागलं.

“तुमच्याकडे काय नाही, याचाच कागद,” भाची म्हणाली. “आईने तो कितीतरी दिवस पर्समध्ये ठेवला होता. घडीवर फाटला, तेव्हा मागून चिकटपट्टी लावली. मी तेव्हा लहान होते, पण ती चिकटपट्टी मला आठवते. आणि आता इथे तेच. सरकारने मला आधी ओळखलं ते कर देणारी म्हणून. राहणारी म्हणून ओळखायला सहा महिने थांबायचं.”

मला बहिणीचा फोन आठवला. २००५ ची दिवाळी असावी. ‘दादा, इथे माझं नाव कशावरच नाही रे,’ असं ती म्हणाली होती. मी तिला म्हटलं होतं, होईल सगळं, धीर धर. त्या वेळी मी शाखेत परदेशातून येणाऱ्या पैशांचं काम बघत होतो आणि माझ्या टेबलावर रोज अशी माणसं येत होती. तिचं बोलणं आणि ती माणसं यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मला वाटलं नाही.

तरी माझा मुद्दा मी सोडला नाही. “पॅन आणि आधार यांत फरक आहे. आधार कायद्याचं पूर्ण नावच वाच. सरकारी तिजोरीतून मिळणारे लाभ योग्य माणसापर्यंत पोचावेत म्हणून तो केला. धान्य, गॅस, शिष्यवृत्ती. ते लोकांच्या पैशातून जातं. मग इथे थोडं राहा, मग मागा, असं म्हटलं तर चूक काय?”

“काहीच चूक नाही. मग लाभ देतानाच विचारा. मला गॅसचं अनुदान नकोय. माझ्याकडे आधार मागितलं ते सोसायटीच्या फाटकावर, व्यायामशाळेत आणि कुरिअरच्या माणसाने. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं ना, की खासगी कंपन्यांना आधार सक्तीने मागता येणार नाही?”

“सांगितलं. २६ सप्टेंबर २०१८. बँक खातं आणि मोबाइल यांची सक्तीही काढली. पुढच्या वर्षी कायदा बदलून स्वखुशीने देण्याची सोय केली.”

“स्वखुशी!” ती म्हणाली. “रात्री आठ वाजता, हातात दोन बॅगा, आणि खोलीची मालकीण म्हणते आधार द्या. स्वखुशीने नाही म्हणून बघ.”

तिच्या प्रयोगशाळेत केनियाचा एक मुलगा आहे. त्याचं तर हिच्याहून कठीण. ही ओसीआय असल्यामुळे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात हिला नोंद करावी लागत नाही. त्याचा नोकरीचा व्हिसा आहे, १८० दिवसांहून जास्त मुदतीचा, म्हणून आल्यापासून चौदा दिवसांत नोंद. आता ती ऑनलाइन होते, पण पत्त्याचा पुरावा मागते. पत्त्यासाठी घर हवं. आणि परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने चोवीस तासांत ‘सी फॉर्म’ भरून कळवायचं, हा जुना नियम. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे जाऊन एकच आला, पण कळवण्याची जबाबदारी राहिली. घरमालक त्या फॉर्मलाच घाबरतात. पोलिसांची भानगड नको म्हणून नाही म्हणतात. तो मुलगा तीन आठवडे अतिथिगृहात राहिला.

“हा नियम मला मान्य आहे,” मी म्हणालो. “कोण कुठे उतरलंय हे सरकारला कळलं पाहिजे. तुमच्या अमेरिकेत तर परदेशी माणसाच्या दहा बोटांचे ठसे विमानतळावरच घेतात.”

“मलाही मान्य आहे. पण भीती फॉर्मची नाही, न समजण्याची आहे. तो फॉर्म दहा मिनिटांचा असतो. कोणी घरमालकांना तो एकदा भरून दाखवला असता तर त्या मुलाला पहिल्याच आठवड्यात खोली मिळाली असती. आणखी एक सांगते. आता नव्या नियमाने त्याचं आधार त्याच्या व्हिसापुरतंच. माझ्यासारख्या ओसीआयला दहा वर्षं. त्याचा व्हिसा वाढवून मिळायला उशीर झाला की त्याच दिवशी आधार बंद, आणि आधारावर जी जी दारं उघडली ती सगळी एकदम बंद. आपण सगळी कुलपं एकाच किल्लीची केली, मामा.”

“मुदत नसती तर? माणूस परत गेला आणि क्रमांक इथेच जिवंत राहिला, असं चालेल?”

“मुदत हवीच. पण व्हिसाचा अर्ज सरकारकडेच पडून असेल, तर तेवढे दिवस तरी क्रमांक चालू ठेवा ना.”

हे मला बिनतोड वाटलं, आणि मी तसं तिला सांगितलं.

आम्ही ‘ओपन हँड’पाशी पोचलो होतो. हे शिल्प सव्वीस मीटर उंच, पन्नास टनांचं, आणि तरी वाऱ्याने फिरतं. कॉर्बुझिए गेले १९६५ साली; हा हात त्यांच्यामागे वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभा राहिला. हाताखाली जमिनीत खोल उतरणारी एक चौकोनी जागा आहे. लोकांनी तिथे जमावं, सार्वजनिक गोष्टींवर बोलावं, वाद घालावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाकीचे फोटो काढत होते. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. आणि मी तिला बहादूरची गोष्ट सांगितली. ती मी घरात कुणाला सांगितलेली नव्हती.

कोकणात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं येतात. मासेमारीच्या बोटींवरही खलाशी म्हणून नेपाळी आहेत. दिवाळीच्या सुमाराला येतात, मोहोर धरतो तेव्हापासून बागेत झोपडी करून राहतात, वानरं हाकतात, फवारणीला मदत करतात, आणि आंबा संपला की पावसाच्या आधी निघून जातात. अशा प्रत्येक राखणदाराला गावात बहादूर म्हणतात. आमच्या शाखेत आलेला बहादूर चाळिशीचा होता. मजुरी बागेच्या मालकाकडे साठायची आणि हंगाम संपताना एकदम मिळायची. त्याला ती दर महिन्याला बँकेत ठेवायची होती. त्याने नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र आणलं होतं, चौघडी घातलेलं. ते देवनागरीतच असतं, मला सरळ वाचता येत होतं. त्याचं खरं नाव मी त्या दिवशी वाचलं. मालकालाही ते ठाऊक नव्हतं.

“मी त्याला म्हटलं, वरच्या कचेरीला विचारून सांगतो, पंधरा दिवसांनी ये. तो आला. मी विचारलेलं नव्हतं. मार्चअखेर होती, काम होतं. पुन्हा ये म्हटलं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तू परदेशी आहेस, तुझं नाही होणार. तो म्हणाला, ‘साब, हम परदेशी कहाँ.’ १९५० च्या करारापासून नेपाळी माणूस इथे व्हिसाशिवाय येतो, काम करतो, त्याच्या मनात तसं येणारच. मे महिन्यात तो सगळी मजुरी कमरेला बांधून गाडीत बसला. गोरखपूरच्या अलीकडे कधीतरी रात्री ती चोरीला गेली. पुढच्या दिवाळीला तो आला नाही. मालकाने मला हे सांगितलं.”

ती गप्प होती.

“त्याला खात्याचीसुद्धा गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेने २००८ पासून नेपाळला पैसे पाठवायची योजना काढलेली आहे. ज्याचं खातं नाही असा माणूसही रोख घेऊन यायचा, ओळख दाखवायची, एका वेळी पन्नास हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा. पैसे थेट नेपाळातल्या बँकेत. योजनेचं परिपत्रक आमच्या शाखेत फाइलला लावलेलं होतं. माझीच सही होती त्यावर, वाचल्याची.”

वारा सुटला होता. हात किंचित वळल्यासारखा वाटला. खात्री नाही, ढग सरकत होते.

“त्याला आधार मिळालं असतं का?” तिने विचारलं.

मी तिला हिशेब करून दाखवला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलेल्या माणसाचे १८२ दिवस मेच्या सुरुवातीला भरतात. म्हणजे आंबा उतरत आला, घरी जायची वेळ झाली, तेव्हा. शिवाय नेपाळी पासपोर्ट नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि त्याबरोबर नेपाळच्या वकिलातीने दिलेलं छायाचित्राचं मुदतीचं प्रमाणपत्र, असे दोन कागद लागतात. वकिलात दिल्लीला. पावस गावातल्या बागेतला राखणदार दिल्लीला जाणार कधी, आणि बाग कुणाच्या हवाली करणार? कागदावर कायदा त्याला जागा देतो. कायद्याने त्याचं आधार दहा वर्षं चालतं, ओसीआयइतकंच. त्याच्यापर्यंत ती जागा पोचत नाही.

“मग तू इतका वेळ माझ्याशी कायद्याच्या बाजूने का भांडत होतास?”

“कारण मला अजून तेच वाटतं. त्याच्याकडे कुठलाच क्रमांक नव्हता म्हणून तो माझ्या मर्जीवर होता. मी नाही म्हटलं, संपलं. क्रमांक असता तर माझी मर्जी चालली नसती. आणि हा क्रमांक कसा असतो बघ. त्यात जात नाही, गाव नाही, जन्मदेश नाही. अमेरिकेच्या नंबरातले पहिले तीन आकडे २०११ पर्यंत कुठल्या राज्यातून घेतला ते सांगायचे. आपल्या बारा आकड्यांतून काहीच कळत नाही, शेवटचा आकडा फक्त आधीचे बरोबर आहेत ना हे तपासायला. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका आदिवासी बाईंना दिलं. त्यांचा क्रमांक, माझा क्रमांक आणि बहादूरला मिळाला असता तर त्याचा क्रमांक शेजारी ठेवले तर कोण कोण आहे हे सांगता येणार नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून भांडतो.”

“आणि मी म्हणते, तो मिळेपर्यंतच्या दिवसांत माणूस कुणाच्या तरी मर्जीवरच राहतो. सगळ्यात गरीब माणसाचे तर सगळेच दिवस त्या आधीचे असतात.”

गाइडने हाक मारली. आम्ही उठलो. विधानसभेकडे जाणारं ते मोकळं, रुंद अंगण ओलांडायला बराच वेळ लागतो. ऊन असलं की नकोसं होतं, त्या दिवशी बरं वाटत होतं. वाटेत एका काँक्रीटच्या भिंतीवर हात वर केलेला माणूस कोरलेला आहे. कॉर्बुझिएंनी माणसाचं एक माप ठरवलं होतं, उंची १८३ सेंटीमीटर, आणि दारं, जिने, बाकं सगळं त्या मापावरून काढलं. भाची त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत आलं.

“नाताळला घरी जाणार ना?” मी विचारलं. “आई वाट बघत असेल.”

“नाही जात. आईला सांगितलं काम आहे म्हणून. गेले तर एकशे अकरावरून पुन्हा एकवर. सगळं नव्याने मोजायचं.”

“कुणी सांगितलं?”

“आधार केंद्रावर. तिथले म्हणाले, सलग सहा महिने हवेत, मध्ये बाहेर गेलात तर मोजणी तुटते.”

मी चालता चालता थांबलो. “सलग नाही. कायद्यात कुठेही सलग नाही. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत एक किंवा अनेक वेळा राहिलेले दिवस, सगळे मिळून १८२. मध्ये पंधरा दिवस गेलीस तर ते पंधरा दिवस धरायचे नाहीत, एवढंच. आधीचे एकशे अकरा कुठे जात नाहीत.”

“नक्की?”

“वाचून दाखवतो.”

मी फोनवर कायदा उघडला, दुसरं कलम काढलं, ‘रहिवासी’ची व्याख्या तिच्यापुढे धरली. तिने ती दोनदा वाचली. बाकीचे लोक विधानसभेपाशी पोचले होते आणि गाइड आमच्याकडे बघत उभा होता. तिने स्वतःचा फोन काढला, मोजणीचं पान उघडलं, डिसेंबरच्या शेवटचे पंधरा दिवस पुसले आणि खाली ७ फेब्रुवारीच्या जागी २२ फेब्रुवारी लिहिलं.

“तिकडे आता पहाटेचे दोन वाजले असतील,” ती म्हणाली. “आई उठली की सांगते.”